परतलेल्या सरकारने रद्द केलेल्या नोटा : ग्वाल्हेरच्या लष्करातील एका दुकानाचा संच

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाड्यावरून सराफ्याच्या मागच्या बाजूला गेले की जुनी नाणी, नोटा आणि पोस्टाची तिकिटे विकणारे एक लहान दुकान लागते. दुकान दोन पिढ्यांचे आहे. सध्या ते चालवणारे गृहस्थ चाळिशीचे असून घरी मराठी बोलतात. संस्थानी नाणी आणि ‘ग्वालियर’ असा छाप असलेली जुनी तिकिटे यांसाठी मी तेथे अनेक वर्षे जातो. गेल्या महिन्यात त्यांनी ‘ब्रह्मदेश-मलाया १९४२ ते १९४७’ या नावाचा एक संच विक्रीस ठेवला आणि मी तो साडेसहा हजार रुपयांना घेतला. ब्रह्मदेश आणि मलाया (आजच्या मलेशियाचा द्वीपकल्पीय भाग) हे मुलूख १९४२ मध्ये जपानने इंग्रजांकडून जिंकून घेतले आणि तेथे आपल्या नोटा चालवल्या. हे परीक्षण त्या संचाचे आहे. नोटांसोबत मिळालेल्या माहितीपत्रकाविषयी मला नोटांइतकेच, किंबहुना थोडे अधिकच, सांगायचे आहे.

हा विषय मला जवळचा का वाटतो, ते आधी सांगतो. आईचे मामा ग्वाल्हेर संस्थानच्या फौजेत होते. दुसऱ्या महायुद्धात ग्वाल्हेर लान्सर्स हे पथक ब्रह्मदेशातील अराकानच्या आघाडीवर होते आणि तिकडून परतताना मामांनी एक जपानी रुपयाची नोट आणली होती. ती आमच्या देवघरातील पेटीत कुंकवाच्या पुड्यांखाली पडून असे. मी पुढे बँकेत लागलो आणि नोकरीची बहुतेक वर्षे रोखपालाच्या खिडकीमागे काढली. नोट हातात आली की प्रथम तिचा क्रमांक पाहायचा, ही सवय मला अजून आहे. मामांच्या नोटेवर क्रमांकच नव्हता, आणि हे असे का, हा प्रश्न माझ्या मनात लहानपणापासून होता.

संचात एकूण बावीस नोटा आणि सहा तिकिटे आहेत. ब्रह्मदेशासाठी जपानी सरकारने काढलेल्या एक सेंटपासून शंभर रुपयांपर्यंतच्या नऊ आणि मलायासाठी काढलेल्या एक सेंटपासून हजार डॉलरपर्यंतच्या नऊ नोटा पहिल्या भागात आहेत. दुसऱ्या भागात इंग्रज परतल्यानंतरचे चलन आहे. त्यात ब्रह्मदेशासाठी वेगळा छाप मारून चालवलेल्या, हिंदुस्थान सरकारची एक रुपयाची आणि रिझर्व्ह बँकेची दहा रुपयांची, अशा नोटा असून १ जुलै १९४१ ही तारीख असलेल्या, सहाव्या जॉर्जच्या चित्राच्या, वीस सेंट आणि एक डॉलरच्या मलायी नोटा आहेत. तिकिटांपैकी तीन मलायाची व तीन ब्रह्मदेशाची आहेत. निवड चांगली आहे. संच करणाऱ्याने नुसत्या जपानी नोटा भरून जागा वाढवलेली नाही. जाणारे सरकार आणि परत येणारे सरकार त्याने शेजारी शेजारी ठेवले आहे, आणि अशी मांडणी मी आतापर्यंत एकाही दुकानात पाहिली नव्हती.

नोटांची अवस्थाही किमतीच्या मानाने समाधानकारक आहे. जपानी नोटांपैकी चौदा पूर्ण कोऱ्या असून चार वापरलेल्या आहेत. मलायाची दहा डॉलरची नोट, जिच्यावरील केळीच्या झाडामुळे या साऱ्या चलनाला लोक ‘बनाना मनी’ म्हणू लागले, ती वापरलेली आहे आणि मला ती कोऱ्या नोटेपेक्षा अधिक मोलाची वाटते. तिला मधोमध दोन आडव्या घड्या आहेत, एक कोपरा मऊ पडला आहे आणि मागच्या जहाजाच्या चित्रावर तेलाचा फिकट डाग आहे. ती कोणाच्या तरी कनवटीला राहिलेली नोट आहे. तिच्यावर इंग्रजीत लिहिले आहे की, धारकाने मागताच दहा डॉलर देण्याचे वचन जपानी सरकार देत आहे. खाली लाल शाईत लहानशी जपानी मुद्रा आहे. सही कोणाचीही नाही, आणि नंतरच्या छपाईत क्रमांकही नाही, फक्त गटाची अक्षरे आहेत. त्यांतील पहिले अक्षर मलायासाठी ‘एम’ आणि ब्रह्मदेशासाठी ‘बी’. क्रमांक नसलेली नोट म्हणजे किती छापल्या याचा हिशेब कोणालाही न देण्याची सोय, हे रोखपालाला वेगळे सांगावे लागत नाही. युद्ध लांबत गेले तशा या नोटा बेसुमार छापल्या गेल्या आणि भाव आकाशाला भिडले. तरीही तीन-साडेतीन वर्षे मजुरी, भाडे, माशांचे व भाजीचे पैसे, मुलीच्या लग्नाची पुंजी हे सारे याच कागदात होत राहिले, कारण तो नाकारणाऱ्याला शिक्षा होती.

दुकानदारावर माझा खरा आक्षेप सुरू होतो तो येथून. संचासोबत दोन पानांचे मराठी माहितीपत्रक दिले आहे. त्यात नोटांचे आकार, रंग, चित्रे यांची नोंद नीट आहे. पण १९४५ नंतरच्या काळाविषयी एकच वाक्य आहे. इंग्रज परत आले, त्यांनी निरुपयोगी जपानी चलन रद्द केले आणि व्यवस्था पूर्ववत केली, असा त्याचा आशय आहे. साडेसहा हजारांच्या वस्तूबरोबर ग्राहकाच्या हाती पडणारे हे वाक्य अपुरे तर आहेच, शिवाय दिशाभूल करणारे आहे. ज्या वस्तूंसाठी संच घेतला त्यांचा अर्थच ते पुसून टाकते.

घडले ते असे. १५ ऑगस्ट १९४५ रोजी जपानने शरणागती जाहीर केली. ५ सप्टेंबरला ब्रिटिश आणि भारतीय फौजा सिंगापुरात उतरल्या आणि १२ सप्टेंबरला तेथील नगरपालिकेच्या इमारतीत माउंटबॅटन यांनी शरणागती स्वीकारली. मलाया आणि सिंगापूर यांचा कारभार ब्रिटिश लष्करी प्रशासनाकडे गेला आणि तो ३१ मार्च १९४६ पर्यंत त्याच्याकडे राहिला. या प्रशासनाच्या अगदी पहिल्या निर्णयांपैकी एक असा की, जपानी चलनाची किंमत शून्य. अमुक दराने बदलून मिळेल, अमुक रकमेपर्यंत मिळेल, अमुक तारखेपर्यंत आणून द्या, यांपैकी काहीही नाही. युद्धापूर्वीच्या ज्या मलायी नोटा कोणी जिवाच्या भीतीने भिंतीत किंवा मडक्यात लपवून ठेवल्या होत्या त्या मात्र वैध होत्या. म्हणजे ज्याच्याकडे युद्धापूर्वी शिल्लक होती आणि ती खर्च न करता साडेतीन वर्षे निभावण्याची ऐपत होती, तो वाचला. रोजच्या मजुरीवर जगणाऱ्याच्या हातात सकाळी जे पैसे होते ते संध्याकाळी कागद झाले.

संचातील १९४१ च्या तारखेच्या नोटा नेमक्या या ठिकाणी बोलक्या ठरतात. त्या ब्रिटनमध्ये छापून तयार ठेवल्या होत्या आणि परतणाऱ्या प्रशासनाबरोबर आल्या. नवे चलन बाजारात उतरत होते ते मुख्यतः सैनिकांच्या आणि सरकारी कामावर घेतलेल्या मजुरांच्या पगारातून. ज्याला काम मिळाले नव्हते, ज्याचा कर्ता माणूस जपान्यांच्या सयाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या (सयाम म्हणजे आजचा थायलंड) कामावर नेला गेला आणि परत आला नाही, त्या घरात हा नवा डॉलर कोणत्या दाराने येणार होता? वीस सेंटची ती लहानशी नोट मी भिंगाखाली बराच वेळ पाहिली. कागद उत्तम आहे, छपाई रेखीव आहे. फक्त ती ज्यांना सर्वांत जास्त हवी होती त्यांच्यापर्यंत सर्वांत उशिरा पोहोचली.

येथे एक गोष्ट निःसंकोचपणे मान्य केली पाहिजे. जपानी नोटांना पूर्ण किंमत देणे शक्य नव्हते. त्या अमाप होत्या, त्यांतील मोठा वाटा काळाबाजार करणाऱ्यांच्या आणि जपान्यांशी संगनमत करणाऱ्यांच्या हाती होता, आणि शत्रूने छापलेल्या कागदाची हमी घेणे म्हणजे त्याचे कर्ज आपल्या माथी घेणे होते. फिलिपिन्समध्ये परतलेल्या अमेरिकनांनीही जपानी पेसो असेच नाकारले. परंतु पूर्ण किंमत आणि शून्य या दोहोंमध्ये बरीच जागा असते आणि ती त्याच काळात इतरांनी वापरली होती. मुक्त झालेल्या बेल्जियमने ऑक्टोबर १९४४ मध्ये चलन बदलताना दर माणशी दोन हजार फ्रँक लगेच बदलून दिले आणि बाकीची रक्कम रोखून धरली. इंडोनेशियात परतलेल्या डच प्रशासनाने मार्च १९४६ मध्ये शंभर जपानी गिल्डरना आपले तीन गिल्डर दिले. शंभराला तीन हा दर क्रूर आहे, पण तो शून्य नाही. खुद्द हिंदुस्थानात १२ जानेवारी १९४६ रोजी पाचशे, हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हाही धारकाला ठरलेल्या मुदतीत हिशेब देऊन त्या बदलून घेता येत होत्या. खिडकीपलीकडे उभ्या असलेल्या माणसाला निदान एक अर्ज भरायला मिळत होता. मलायाच्या मजुराला तेवढेही मिळाले नाही.

हाँगकाँगमध्येही असेच झाले. तेथे १९४५ च्या सप्टेंबरमध्ये जपानी लष्करी येन रद्द झाले आणि ज्या लोकांना आपले चार डॉलर देऊन एक येन घेणे भाग पडले होते त्यांचे नुकसान त्यांच्याकडेच राहिले. मात्र जपान्यांनी बँकेच्या अधिकाऱ्यांकडून दमदाटीने सह्या घेऊन चलनात आणलेल्या हाँगकाँग-शांघाय बँकेच्या नोटा १९४६ च्या एप्रिलमध्ये वैध मानल्या गेल्या. ज्या कागदावर बँकेचे नाव होते त्याला मान मिळाला. मी बँकेचाच माणूस आहे, बँकेने आपले नाव राखावे हे मला पटते. तरी हा फरक मनाला लागतो.

आणखी एक दाखला माहितीपत्रकात असायलाच हवा होता. जपानी काळात अनेकांनी युद्धापूर्वीची कर्जे या नोटांत फेडली होती. ती फेड खरी धरायची की नाही, यावर सावकार आणि ऋणको यांचा वाद वर्षानुवर्षे चालला. अखेर १९४८ मध्ये मलायात कायदा झाला आणि त्यात जपानी डॉलरचे मोल काळानुसार उतरत कसे गेले याचे कोष्टक दिले गेले. म्हणजे या कागदाला कोणत्या काळात किती मोल होते, हे सरकारला मोजता येत होते. देण्याघेण्याच्या खटल्यांसाठी ते मोजले गेले. मोलकरणीच्या गाठोड्यातील नोटांसाठी मोजले गेले नाही.

पैशानंतर तांदूळ. मलायाला लागणाऱ्या तांदळाचा मोठा भाग ब्रह्मदेश आणि सयाम येथून येत असे. युद्धापूर्वी एकटा ब्रह्मदेश वर्षाला तीस लाख टनांच्या आसपास तांदूळ बाहेर पाठवत असे. युद्धात तेथील बैल गेले, पाट-बंधारे मोडले, शेते पडीक राहिली. सयामकडे साठा होता. परंतु १ जानेवारी १९४६ च्या करारात ब्रिटनने सयामला युद्धातील भूमिकेबद्दल पंधरा लाख टनांपर्यंत तांदूळ फुकट देण्याची अट घातली. फुकट द्यायचा म्हटल्यावर शेतकरी आणि व्यापारी तो बाहेर कशाला काढतील? तांदूळ दडून राहिला, चोरट्या मार्गाने निघून गेला, आणि काही महिन्यांत ब्रिटनला अट बदलून पैसे मोजण्याची तयारी दाखवावी लागली. लॉर्ड किलर्न यांना खास आयुक्त म्हणून सिंगापुरात बसवले गेले ते बऱ्याच अंशी या तांदळाच्या प्रश्नासाठीच. जहाजे अपुरी होती, जगभर धान्याची टंचाई होती आणि आपल्याकडेही त्या वर्षी रेशनच्या रांगा होत्या, हे खरेच आहे. पण सयामवरील ती अट टंचाईने घातली नव्हती, ती घालणाऱ्यांनी घातली होती आणि तिची किंमत सिंगापूरच्या रेशनच्या पोत्याने मोजली.

सुरुवातीच्या दिवसांत लष्करी प्रशासनाने तांदूळ व इतर जिन्नस काही काळ फुकट वाटले, हे नोंदवणे माझे कर्तव्य आहे. मग मात्र रेशन कमी होत गेले आणि खुल्या बाजारात भाव अनेक पटींनी वर राहिले. मजुरी युद्धापूर्वीच्या दरांच्या जवळ बांधून ठेवण्याचा प्रयत्न प्रशासनाने केला. एका हाताने जुनी शिल्लक शून्य करायची, दुसऱ्या हाताने मजुरी जुन्या दराला धरायची आणि बाजारभाव मात्र नव्या काळाचे, अशा हिशेबात घर कसे चालणार? सरकारी मालाची चोरी आणि लाचखोरी इतकी बोकाळली की ‘ब्रिटिश मिलिटरी ॲडमिनिस्ट्रेशन’ या नावाच्या आद्याक्षरांचा लोक ‘ब्लॅक मार्केट ॲडमिनिस्ट्रेशन’ असा अर्थ लावू लागले. संचातील तीन मलायी तिकिटांवर नेमकी तीच आद्याक्षरे छापलेली आहेत. युद्धापूर्वीच्या तिकिटांवर ‘बीएमए मलाया’ असा छाप मारून ती १९४५ मध्ये काढली गेली. आम्हा ग्वाल्हेरकरांना परक्या राजाच्या तिकिटावरचा छाप नवा नाही, १८८५ पासून आमची तिकिटे अशीच होती. म्हणून मी ती दुकानात पाहिल्याबरोबर ओळखली. माहितीपत्रकात मात्र या तीन अक्षरांचा अर्थसुद्धा दिलेला नाही.

कामगार गप्प बसले नाहीत. ऑक्टोबर १९४५ मध्ये सिंगापूरच्या गोदीतील हजारो कामगारांनी संप केला आणि २९ जानेवारी १९४६ रोजी तेथे सार्वत्रिक संप झाला. त्यानंतर फेब्रुवारीतील मोर्च्यांना बंदी झाली, धरपकड झाली आणि काहींना देशाबाहेर घालवण्यात आले. जपान्यांशी जंगलात लढलेल्या गनिमी सैनिकांना डिसेंबर १९४५ मध्ये शस्त्रे खाली ठेवल्यावर प्रत्येकी साडेतीनशे डॉलर देऊन निरोप देण्यात आला होता. त्यांतीलच अनेक जण या संपांच्या मागे होते.

ज्या कामाची मी मनापासून प्रशंसा करतो ते लष्करी प्रशासन संपल्यानंतरचे आहे. सिंगापुरात १९४६ च्या जूनमध्ये समाजकल्याण खाते सुरू झाले आणि त्या महिन्याच्या अखेरीस तेलोक आयर येथे एका गोदामात पहिले ‘लोकांचे उपाहारगृह’ उघडले. पस्तीस सेंटमध्ये भात, त्यावर कालवण आणि भाजी असे पोटभर जेवण तेथे मिळे. पस्तीस सेंटही ज्यांना जड होते त्यांच्यासाठी वर्षअखेरीस आठ सेंटच्या जेवणाची सोय झाली आणि १९४७ च्या आरंभी मुलांना जेवू घालणारी केंद्रे सुरू झाली. गोदामात चूल मांडून माणसांना जेवू घालण्यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. हे काम सप्टेंबर १९४५ मध्ये का सुचले नाही, असे मला वारंवार वाटते. नऊ महिने हा लहान मुलाच्या आयुष्यात फार मोठा काळ असतो.

संचातील ब्रह्मदेशाचा भाग मला अधिक आतून हलवणारा वाटला, कारण तेथे आपला संबंध थेट येतो. ब्रह्मदेश १९३७ मध्ये हिंदुस्थानपासून वेगळा झाला, तरी त्याच्या नोटा रिझर्व्ह बँकच काढत असे. मे १९४५ च्या आरंभी रंगून परत घेतल्यानंतर तेथे जे चलन आले ते म्हणजे आपल्याकडच्या नोटांवर लाल अक्षरांत मारलेला छाप : ब्रह्मदेशाचे लष्करी प्रशासन, फक्त ब्रह्मदेशात वैध. त्या वेळी रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामण द्वारकानाथ देशमुख होते. त्या पदावर बसलेले ते पहिले भारतीय, आणि मराठी. संचातील दहाच्या नोटेवरचा छाप किंचित तिरका बसला आहे. घाईने छापलेल्या कामाची ती खूण असावी, आणि मी तिला दोष मानत नाही. जपानी रुपये येथेही शून्य ठरले. भातशेती करणाऱ्या कुळाने तीन हंगामांचे धान्य ज्या कागदाच्या मोबदल्यात दिले होते तो कागद गेला. बैल आधीच गेले होते. नवे बी आणि नवी जोडी घेण्यासाठी त्याच्याकडे काहीच उरले नाही.

मे १९४५ मध्ये लंडनने काढलेल्या श्वेतपत्रिकेनुसार ब्रह्मदेशात आणखी तीन वर्षे गव्हर्नरचा थेट कारभार राहणार होता. गव्हर्नर डॉर्मन-स्मिथ १६ ऑक्टोबर १९४५ रोजी परतले. तांदूळ, लाकूड, वाहतूक यांची घडी बसवण्यासाठी ज्या सरकारी योजना आखल्या गेल्या त्यांत युद्धापूर्वीच्या युरोपीय कंपन्यांचीच माणसे पुन्हा बसली. लोकांना मदत हवी होती आणि मदतीच्या गाडीत जुने मालक बसून आले, अशी भावना झाली नसती तरच नवल. सप्टेंबर १९४६ मध्ये रंगूनचे पोलीसच पगार पुरत नाही म्हणून संपावर गेले. ज्या पोलिसांच्या बळावर कारभार चालवायचा त्यांच्याच घरी चूल पेटत नव्हती. नवे गव्हर्नर ह्यूबर्ट रॅन्स यांनी त्या महिनाअखेरीपूर्वी स्वातंत्र्यासाठी लढणारे ब्रह्मी नेते आँग सान यांच्या आघाडीला कार्यकारी मंडळात घेतले, आणि ४ जानेवारी १९४८ रोजी ब्रह्मदेश स्वतंत्र झाला.

हे सारे दोन पानांत मावणार नाही, हे मला समजते. एक वाक्य मात्र नक्की मावते : या नोटा रद्द झाल्या तेव्हा त्या ज्यांच्या हातात होत्या त्यांना त्यांच्या बदल्यात काहीही मिळाले नाही. हे वाक्य नसलेला संच अपुरा आहे.

आता वस्तूविषयीच्या काही उणिवा सांगतो. नोटा ज्या पारदर्शक पाकिटांत दिल्या आहेत ती मऊ, चकाकणाऱ्या आणि रसायनाचा वास येणाऱ्या प्लॅस्टिकची आहेत. अशा पाकिटांत आमच्या उन्हाळ्यात नोटा चिकटतात आणि शाई पाकिटाला लागते. पहिल्या आठवड्यातच मी सर्व नोटा काढून जाड पॉलिस्टरच्या पाकिटांत घातल्या, त्यासाठी मला सहाशे रुपये वेगळे मोजावे लागले. ब्रह्मदेशाच्या तीन तिकिटांपैकी एकाच्या मागे, तिकीट वहीत चिकटवण्याच्या कागदी बिजागरीचा डिंक राहिला आहे. पाच डॉलरची नोट धुऊन दाबलेली आहे, हे हात लावताच कळते, कारण तिचा कागद निर्जीव झाला आहे. विक्रीपूर्वी ते सांगायला हवे होते. हजार डॉलरच्या नोटेखाली ‘दुर्मीळ’ असा शिक्का मारला आहे, तो चुकीचा आहे. ती छापलीच इतकी गेली की आजही सहज मिळते. दुर्मीळ म्हणायचेच तर लष्करी प्रशासनाच्या छापाची दहाची नोट म्हणावी, आणि तिच्याखाली काहीच लिहिलेले नाही.

दुकानदारांचे वागणे मात्र मोकळे आणि आदबीचे वाटले. मी दुसऱ्या खेपेस गेलो तेव्हा आक्षेप कागदावर लिहून नेले होते. त्यांनी मला गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसवले, चहा मागवला आणि सर्व शांतपणे ऐकून घेतले.

“काका, आपण म्हणता ते पाकिटांचं बरोबर आहे, ते मी बदलून देतो,” ते म्हणाले. “पण त्या माहितीचं मला खरंच ठाऊक नव्हतं. वडिलांनी लिहिलेलं होतं, मी तसंच छापलं.”

“वडिलांनी नोटांची चित्रं फार बारकाईनं नोंदवली आहेत,” मी म्हणालो. “त्यात माणसं तेवढी घाला.”

“आपणच लिहून द्या ना. आपल्या नावानं छापतो.”

नाव घालू नका, असे सांगून मी दीड पान लिहून दिले आहे. त्यात केळीच्या झाडाखाली मलायातील रद्द चलनाची हकिकत आहे आणि आठ सेंटच्या जेवणाचीही. धुतलेली नोट त्यांनी परत घेऊन तिच्या जागी वापरलेली पण न धुतलेली दिली, ‘दुर्मीळ’ हा शिक्का काढण्याचे मान्य केले आणि सहाशे रुपयांची भरपाई म्हणून दोन संस्थानी तिकिटे देऊ केली. ती मी घेतली नाहीत, पैसे घेतले.

किंमत, निवड आणि दुकानदारांचा व्यवहार पाहता संच घेण्यासारखा आहे. घेणाऱ्याने नवे माहितीपत्रक आवर्जून मागावे, नोटा उजेडात धरून एकेक पाहाव्यात आणि पक्की पावती घ्यावी. दुकान मंगळवारी बंद असते आणि दुपारी दोन ते चार भेट होत नाही. मामांची क्रमांक नसलेली रुपयाची नोट मी देवघरातून काढून या संचातील ब्रह्मदेशाच्या पानावर, रिझर्व्ह बँकेच्या त्या तिरक्या लाल छापाच्या शेजारी लावली आहे. आईने तिच्या जागी पेटीत एक सुपारी ठेवायला सांगितली, ती ठेवली आहे.